करडीत साथ आली

हसा बाप्पा, चहा सांडेपर्यंत हसा. पण माहं नाटक कसं बुडालं ते आठवलं का मले आजही रडू येते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. करडीच्या मंडईत आमचं नाटक. आता आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे काय, हे का तुमाले सांगू? दिवाळीनंतरची गावजत्राच ती, लेकी माहेरी येतेत, गावोगावचे पावणे येतेत, अन् नाटक पडलं तं गावाचं नाक कटते. आदल्या वर्षी पेटी-तबल्याची साथच भेटली नव्हती. नायकाचं, म्हणजे माहं, गाणं कोरडंच झालं अन् लोक चादरी झटकून उठून गेले. यंदा गावानं बजावलं होतं, नाटक पडलं तं तुही नायकी संपली समज.

म्हणून तुमसरच्या पेटीवाल्या गुरुजीले मी निरोप धाडला, साथीले या. निरोप नेला देवाजीनं. देवाजी म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर, सदा सायकलवर.

एक दिवस तो आला. सायकलवरूनच पाय टेकून म्हणे, "साथ येऊन राहिली जी. तुमसरपर्यंत पोचली."

माह्या मनात लड्डू फुटले. "मोठी आहे का?"

"लई मोठी. बाहेरदेशची आहे म्हणते. शाळेची खोली खाली करा, खाटा टाका, पाणी उकळून ठेवा. उद्या डॉक्टरसाहेब येऊन राहिले."

डॉक्टरसाहेब काहून? अरे, नाटकाचा शौक असन! अन् उकळलेलं पाणी? गाणाऱ्याचा गळा, भाऊ! सगळं कसं बरोबर बसत होतं. माह्या अकलेचं हेच तं दुःख आहे, तिच्यात चुकीचंही बरोबर बसते.

दुसऱ्या दिवशी मी अख्खं गाव शाळेसमोर खेटून उभं केलं. डफ, गुलाल, बायांच्या हातात आरत्या, म्हातारे सगळ्यात पुढं. डॉक्टरसाहेब जीपमधून उतरले तं पहिला हार त्यांच्याच गळ्यात.

"हे कोणाचं स्वागत?" त्यांनी विचारलं.

"साथीचं," मी छाती काढून सांगितलं.

साहेबांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "अहो, ही तापाची साथ आहे. फ्लूची. एकाचा खोकला दुसऱ्याला लागतो. गर्दी करू नका, एवढंच सांगायला आलो होतो."

तेवढ्यात गर्दीत कोणीतरी खोकललं. तुमसरचा पावणा होता.

झालं! मंडई बंद, नाटक बंद. मी साहेबांच्या पाया पडलो, पण नाटक कराले तरी कोण उरलं होतं? हप्ताभरात घरोघरी ताप. माही माय डोळे उघडेना तेव्हा तं मी नाटकाचं नावही टाकलं. ती वाचली, गावातलं कोणी गेलं नाही, हे नशीब. प्रॉम्प्टर गोधडीत, खलनायक काढ्यावर, अन् शाळेच्या खोलीत शेजारीशेजारी दोन खाटा, एक माही, एक आमच्या नायिकेची. नायिका म्हणजे मिशा काढलेला गोविंदा.

अन् मंडईच्या ठरल्या दिवशी कोण यावं? पेटीवाले गुरुजी अन् त्यांचा तबलजी! दोघंही आपापला ताप काढून ठणठणीत. म्हणे, एवढ्या दूर आलो तं वाजवूनच जातो. बसले वऱ्हांड्यात.

पेटी लागली. मले राहवलं नाही. वर्षभर घोटलेलं गाणं, भाऊ! उशीवरून मान उचलली, सूर लावला, अन् निघाला काय? खोकला. थांबेचना. तबलजी मोठा कसबी, त्यानं त्याच खोकल्याचा ठेका धरला. मी थांबलो तेव्हा डोळ्यांत पाणी अन् छातीत धाप.

शेजारच्या खाटेवरून गोविंदा बारीक आवाजात म्हणे, "वन्स मोर."

उभ्या जन्मात नायक म्हणून मले भेटलेला तो एकच वन्स मोर. अन् पुढचे पंधरा दिवस मी तो देऊनच राहिलो होतो.