नव्या नातीचं नाव

लग्न होऊन मी नवीनच बालाघाटला आले होते, तेव्हाचं सांगते. लामत्याहून येणाऱ्या छोट्या गाडीत समोर एक म्हातारी बसली होती, नव्या नातीला पाहायला निघालेली. दर स्टेशनाला विचारायची, "काय व पोरी, काय सांगतलं मी नातीचं नाव?"

"सुलोचना."

"हौ." की पदराला एक गाठ. "विसरली तं सून म्हणन, पोरगी झाली म्हणून बुढीले गोड नाही लागलं."

लहानपणी धानाच्या रोवणीत, भातलावणीत, सोबत असलेल्या बायांची नावं मात्र तिने धडाधड सांगितली. मी हसले, तर धानाच्या रोपाचा दाखला देत म्हणाली, "कवळा पऱ्हा लावला का लगेच मूळ धरते, बाई. जून झाला का नाही धरत."

पदराला चार गाठी, ओठांवर नाव, अशी ती उतरली.

आता घरच्या नातसुनेचं नाव मी रोज विचारते. सुलोचना हे नाव मात्र मी विसरत नाही.