चाँदमामूंचा तांब्या

हावगेप्पानं त्या वर्षी पालखीपुढं सनई वाजवत मशीद ओलांडली, आणि पुढच्या पारापर्यंत आपण काय करून बसलो ते त्याला कळलंच नाही.

हळ्ळीखेडची रीत अशी, की बसवण्णाची पालखी मशिदीशी आली की सनई थांबायची. सनई थांबली की ढोलही गप्प. समोरच्या दारातून चाँदमामू पाण्याचा तांब्या घेऊन यायचे. हावगेप्पा पाणी प्यायचा, सनईच्या तोंडाची कडक झालेली पत्ती भिजवायचा आणि मशीद मागं पडली की पुन्हा सूर धरायचा. निजामाचा तसा हुकूम आहे, असं सगळे म्हणत. हुकूम कुणी पाहिला नव्हता.

एकावन्न साली त्यानं गुलबर्ग्याहून नवी पत्ती आणली. ती अशी काही बोलायला लागली, की गडी डोळे मिटून वाजवत सुटला. मामू दारात तांब्या धरून उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी कापडवाल्या गुंडेरावांनी त्याला फेटा बांधला. "मर्द हाईस! नव्या राज्यात सरकारला धर्म न्हाई, मग सनईला कामून बंदी?"

मशिदीच्या पंचांनी बिदरच्या कोर्टात दावा लावला, गुंडेरावांनी उलटा ठोकला. साक्षीदार दोघांचाही एकच, हावगेप्पा.

हॉटेलात त्याला फुकट चहा मिळू लागला. घरी बायको लिंगम्मा विचारायची, "फेटा घालूनच झोपायलास का?" फक्त मामूंच्या दारावरून जाताना तो फेटा काखेत मारायचा. बाप गेल्यावर त्यानं त्याच दारात भाकरी खाल्ली होती.

पेशीच्या दिवशी मोटारीत नेमकी मामूंशेजारचीच जागा रिकामी. बिदर येईस्तोवर दोघं दोन बाजूंना बघत बसले.

मुन्सफानं विचारलं, "सरकारी हुकूम म्हणून थांबत होतास?"

दोन्ही वकिलांना 'होय'च हवं होतं. एकाला जुना हुकूम चालू ठेवायचा होता, दुसऱ्याला मोडायचा होता. होय म्हटलं तर फेटा राहत होता, पण मामूंचं पाणी सरकारी होत होतं.

"न्हाई साहेब. तहान लागायची. मामू पाणी द्यायचे."

"मग त्या वर्षी का थांबला नाहीस?"

हावगेप्पानं फेटा उतरवून हातात घेतला. "पत्ती नवी होती, साहेब. माझंच वाजवणं मला लई ग्वाड लागायलतं. भान ऱ्हायलं न्हाई."

सगळं कोर्ट हसलं. असा हुकूम कुठं सापडत नाही, आणि कुणी कुठं पाणी प्यावं हे सरकार ठरवत नाही, असा निकाल झाला. फेटा गेला, चहाही गेला.

पुढच्या वर्षी पालखी निघाली तेव्हा सारं गाव हावगेप्पाच्या फुगलेल्या गालांकडं बघत होतं. मशिदीशी त्यानं सनई खाली केली. मामू दारात आले. तांब्या रिकामा करून त्यानं पुन्हा पुढं धरला.

"आणखी एक द्या, मामू. मागल्या सालचा."

"त्यो बाकीच ऱ्हाऊ दे, बेटा," मामू म्हणाले. "फिटला तर पुन्हा इसरशील."

छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं, गाव म्हैसूरकडं गेलं. मामू त्याच उन्हाळ्यात गेले होते. आता तांब्या त्यांचा लेक आणतो.

"अजून एक देऊ का, अण्णा?"

"नको रे. त्यो बाकी हाय," हावगेप्पा म्हणतो, आणि सनई काखेत धरून पालखीपुढं चालू लागतो.