बंबातला हिरवा ठोकळा

वन्संना शेवटचं पाहिलं ते मिरजेच्या दवाखान्यात. नाकात नळी, डोळे मिटलेले. मध्येच डोळे उघडून त्यांनी विचारलं, "शालन, यंदा बंब घासला का गं?" मी म्हटलं, "हे घासतील की दिवाळीला." त्या गालात हसल्या आणि पुन्हा डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या... माणूस जाताना देवाचं नाव घेतं, कुणाकुणाची आठवण काढतं. ह्या बाईनं माळ्यावरच्या बंबाची चौकशी का करावी? सहा आठवडे भेटायला आलेल्यांना चहा देता देता मी हाच संशय घोळवत होते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. साताऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दहा वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या आणि राहूनच गेल्या. ऑपरेशनआधी गुडघ्याचं स्कॅन काढलं, तेव्हा तिथल्या माणसाला त्यांनी प्रश्न विचारून विचारून घाम फोडला. घरी आल्या त्या गुडघा विसरून. "अगं, फोटो ठिपक्यांचा असतो ना, तसं ते चित्र बारीक ठोकळ्यांचं. एकेका ठोकळ्याला व्हॉक्सेल म्हणतात. आपण हाड आहोत, मांस आहोत का पाणी, ते ज्याचं त्याला ठाऊक!" माझी नात रेवा कॉम्प्युटर शिकत होती. तिनं आत्याआजीला असल्याच ठोकळ्यांचा एक खेळ लावून दिला. त्यात म्हणे डोंगर, झाडं, घरं, सगळं ठोकळ्यांचं, आणि तेही भरीव. "बाकीच्या खेळातली घरं म्हणजे गणपतीपुढचा देखावा," वन्सं म्हणायच्या, "समोरून महाल, मागं पुठ्ठा. इथं भिंत फोड, आत वीट निघते. ती फोड, पुढची वीट." आणि त्या खेळात आपलं हे घर बांधायचं त्यांनी मनावर घेतलं.

मला हे सगळं निमित्त वाटलं. तेव्हा मी अवघी बासष्ट वर्षांची, म्हणजे वय तसं कच्चंच. मला दिसत होतं ते एवढंच, की घर सासऱ्यांनी बांधलेलं, त्यात लेकीचाही वाटा, आणि लेक गुडघा बरा झाल्यापासून भिंतीला हात लावत घरभर फिरते आहे. एक वीत म्हणजे एक ठोकळा, असा त्यांचा हिशेब. सोप्याच्या भिंतीला विती घालायच्या, पुटपुटायच्या, वहीत लिहायच्या. वर विचारणार, "भिंत किती जाड गं? आत विटा का दगड? पाण्याचा पाइप कुठनं गेलाय?" एकदा माझं कपाट उघडून म्हणाल्या, "आत काय आहे ते कळल्याशिवाय भरू कसं?" खेळातल्या घराला खऱ्या घराची मापं कशाला लागतात? मी ह्यांना म्हटलं, "आवं, वन्सं घराची मोजणी करत्यात." हे फौजेतून रिटायर झालेले, पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "शालन, ताई हाय ती. तलाठी न्हाई."

पण संशयाला एकदा जागा दिली की तो पाहुण्यासारखा जात नाही. ह्यांच्या नकळत मी ओळखीच्या वकिलाकडं गेले, हक्कसोडपत्राचा मजकूर स्टँपपेपरवर लिहून आणला, आणि दिवाळी झाल्यावर एका दुपारी वन्संसमोर ठेवला. त्या कॉम्प्युटरवर आमचं न्हाणीघर बांधत होत्या. चष्मा वर करून कागद वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, शाळेतला पेपर तपासावा तसा. मी पदराचं टोक पिळत उभी. "एवढंच ना? पेन दे." सही केली, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता सांग, न्हाणीची मोरी डावीकडं का उजवीकडं?"

उजवीकडं, म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?

तो कागद नोंदणीला न्यायचं धाडस मला झालं नाही. फाडायचंही झालं नाही, ही खरी गोम. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी तो माळ्यावरच्या तांब्याच्या बंबात, निखारे टाकतात त्या नळकांड्यात खुपसला. गॅसचा गिझर आल्यापासून बंब निवृत्तच होता. वन्संच्या गुडघ्यांना शिडी चढणं जमणार नव्हतं. जागा अगदी बिनधोक! पुढं दहा वर्षं आम्ही दोघी ताटाला ताट लावून जेवलो. कागदाचा विषय ना त्यांनी काढला, ना मी.

गेल्या आठवड्यात रेवानं वन्संचा कॉम्प्युटर उघडला. "आजी, बघ तरी." आमचं घर. परसातली कर्दळ, भिंतीला गेल्याच वर्षी दिलेला पोपटी रंग. बाई दरवर्षी ठोकळे बदलत होती तर! मी म्हटलं, "माळ्यावर ने गं." तिथं नारिंगी ठोकळ्यांचा बंब. "फोड." रेवानं फोडला. एक, दोन, तीन ठोकळे... आणि आत एकच फिकट हिरवा. स्टँपपेपरचा रंग.

वन्सं माळ्यावर चढल्या नव्हत्या. माझ्याखेरीज चढणारं माणूस घरात एकच. दर दिवाळीला बंब खाली काढून तो चिंचेनं लखलखीत करायचा, ही ह्यांची फौजेपासूनची खोड. आणि त्या बासष्ट वर्षांच्या शहाणीला वाटलं होतं, घासणारा बाहेरूनच घासतो, नळकांड्यात कोण हात घालतंय! म्हणजे बहीण-भाऊ दोघंही जाणून होते. नऊ-दहा दिवाळ्या त्यांनी कागद पाहिला, आणि जिथल्या तिथं ठेवला.

परवा सकाळी मी म्हटलं, "आवं, बंब खाली घ्या. आज पाणी त्याच्यात तापवू." ह्यांनी बंब परसात ठेवला आणि हे मुद्दाम पाठ फिरवून कर्दळीला पाणी घालत बसले. मी नळकांड्यात हात घातला. पिशवी होती. कागद काढला, वन्संची गोल अक्षरातली सही एकदा पाहिली, आणि शेणकुटाखाली तोच पेटवला. हे अंघोळ करून डोकं पुसत बाहेर आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "एका कागदावर पाणी लय कडक तापलं की गं."

वन्संच्या खोलीतला कॉम्प्युटर मी रोज उघडते. माऊस धरायला शिकले आहे. फोडलेला बंब माझ्याच हातानं पुन्हा लावला, एकेक नारिंगी ठोकळा बसवून. हिरवा आत तसाच ठेवलाय... आता संशय एवढाच, की खेळातल्या माझ्या कपाटात त्यांनी काय भरून ठेवलं असेल. ते अजून फोडलेलं नाही.