तिन्ही प्रती एकाच सर्व्हरवर

सगळं हिरवं दिसलं की मला चैन पडत नाही. घरी गॅसचं बटण मी पुन्हा पुन्हा बघते, नवरा हसतो. कामावर मात्र याच खोडीचा मला पगार मिळतो.

अंधेरीच्या ऑफिसात आम्ही एका तपासणी केंद्रासाठी नवी यंत्रणा उभारत होतो. रुग्णांचे स्कॅन, प्रत्येकाच्या तीन प्रती, तीन वेगळ्या सर्व्हरवर. एक बंद पडला तरी बाकीचे दोन आहेतच. उभारणी माझ्या सहकाऱ्याकडे होती, तपासून मंजुरी द्यायचं काम माझ्याकडे. मी हो म्हटलं की केंद्राचा जुना सर्व्हर पुसला जाणार होता. आणि मी हो म्हटलं की हा सहकारी त्याच संध्याकाळी शिमग्याला कोकणात गावी निघणार होता. पालखी दारात येते तेव्हा घरचा मुलगा हजर हवा, हे त्याने मला आठवडाभर ऐकवलं होतं.

प्रत्येक प्रतीचा कारभार त्याने एकेका कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने आखलेल्या वेगळ्या कप्प्यात, बसवला होता. मी एक कंटेनर बंद केला, स्कॅन आला. तो चालू करून दुसरा बंद केला, तरी आला. तिसऱ्यालाही तेच.

"झकास ना? दे ना मंजुरी." पाठीला बॅग अडकवूनच तो उभा होता.

मी उठले, बसले, पाणी प्यायले. जीव काही थाऱ्यावर येईना. पहिल्याच फेरीत इतकं सुरळीत कधी काही चाललंय का?

"एका सर्व्हरची वायर काढ," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"कुठल्याही."

त्याने पाठीवरची बॅग सावरली. मग हळूच म्हणाला, "अगं, दोन सर्व्हर अजून आलेच नाहीत. तिन्ही कंटेनर एकावरच टाकलेत. आले की हलवू ना यार."

म्हणजे शेजाऱ्यांकडे ठेवायच्या जादा चाव्या घरातच खिळ्याला टांगल्या आणि दार ओढून घेतलं! मीच जाऊन वायर उपटली. पडद्यावर तिन्ही खुणा एकदम लाल झाल्या.

"वाट लागली," तो म्हणाला.

मला राग आला होता. त्याच्यावर, सर्व्हर उशिरा पाठवणाऱ्यांवर, स्वतःच्या खोडीवरही. पण कुणाच्या तरी आईचा स्कॅन त्या एका डिस्कच्या भरवशावर सोडून मला झोप लागली नसती. मी नाही म्हटलं. त्याने बॅग उतरवली, तिकीट रद्द केलं आणि नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलत राहिला.

उरलेले सर्व्हर आले त्या दुपारी आम्ही दोघं ते जोडत होतो, तेवढ्यात त्याच्या घरून व्हिडिओ कॉल आला. गावचं अंगण, ढोल, दारात टेकलेली पालखी. त्याने सर्व्हर रूममध्येच बूट काढले, फोन उभा करून ठेवला आणि हात जोडले. पलीकडे गावातले एक म्हातारे पालखीपुढे घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालत होते.

"देवा म्हाराजा, ह्या घरचो झील मुंबैत अडाकलो. तेका कामात येस दी. आणि जेना कोणी तेका अडवल्यान, तेका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं अंगण म्हणालं. तोही म्हणाला, माझ्याकडे न बघता.

मी हातातली वायर खाली ठेवली आणि पुटपुटले, "व्हय म्हाराजा."