अम्मीला सावलीत ठेवलंय

आठवणी म्हणजे आयुष्यभराचा ठेवा, हा सुविचार मी शाळेच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने कितीदा तरी लिहिला आहे. मराठीची शिक्षिका म्हटलं की सुविचार आपसूक गळ्यात पडतो. आता कोणी ते वाक्य म्हटलं की वाटतं, याला एक दिवस आमच्या अब्बांजवळ बसवावं. चहाचा कप खाली ठेवताच चहा मागणारा, संडासाचं दार शोधत स्वयंपाकघरात शिरणारा, पोटभर जेवून उठून ‘या घरात मला उपाशी ठेवतात’ असं शेजाऱ्यांना सांगणारा माणूस दिवसभर सांभाळ, आणि मग लिही बाबा ठेवा.

मी थकले आहे. सरळच लिहिते, कारण बापाचं करणाऱ्या लेकीने थकायचं नसतं असा आमच्याकडे समज आहे. अब्बा माझ्या घरी राहतात, म्हणजे पुसदला, माझ्या सासरी. भाऊ यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात आहे. त्याची एक खोली, त्यात बायको आणि दोन पोरं. तिथे अब्बांना ठेवणार कुठे? म्हणून बाप लेकीच्या दारात. लोकांनी नावं ठेवली. ठेवोत बापडे, त्यातला एकही कधी अब्बांना तासभर सांभाळायला आला नाही. नवरा भला माणूस आहे, काही बोलत नाही. पण कधीकधी त्याचं ते न बोलणंही ऐकून ऐकून कंटाळा येतो.

अब्बा पिंजारी. तरुणपणी खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी टाकून खेड्याखेड्यांत फिरायचे, लोकांच्या दबून दडस झालेल्या गाद्या उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचे. पुढे मशीन आली, इथेच पुसदच्या बाजारात छोटंसं दुकान झालं. घरात आमची हिंदी आणि गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी. उंबरठा ओलांडला की अब्बांची जीभ बदलायची. घरी आम्हाला ‘बेटा इधर आ’ म्हणणारे अब्बा दुकानाच्या फळीवर बसले की ‘काहून बाप्पा, लय दिवसानं आले’ म्हणायचे. दोन्ही बोल्या त्यांच्याच, पण त्यांनी एकीला दुसरीच्या जागेत कधी येऊ दिलं नाही.

मागच्या दिवाळीच्या सुमारास एका दुपारी मी त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाले, “ठेवा बाई तठी. गादी आजच भरून देतो तुमची.”

माझं नाव ते बऱ्याच आधी विसरले होते. त्याचं मी फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं, नावं तर मीही विसरते. पण त्या दिवशी ते माझ्याशी वऱ्हाडीत बोलले आणि मला कळलं की मी आता घरातली राहिले नाही. गिऱ्हाईक झाले. मोरीत जाऊन रडले, मग तिथली भांडी घासली, कारण ती तशीही घासायचीच होती.

अम्मी गेली तेव्हा मी चौथीत होते आणि भाऊ नुकता चालायला लागला होता. मे महिना होता. आमच्या जिल्ह्यातला मे कसा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. अम्मी एका लग्नाहून भर दुपारी एसटीने परतली आणि स्टँडवरून चालत घरी आली. ओढणीच्या टोकाला कांदा बांधलेला होता, तरी ऊन लागलंच. कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला, मग दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. जनाजा दारातून बाहेर पडला आणि बायका आतच राहिल्या. मी अंगणात बसून होते, तिथून उठायला तयार नव्हते. सगळ्यांना वाटलं, आईसाठी रडते आहे. तेही होतंच, पण माझ्या डोक्यात भलतंच काहीतरी घुसलं होतं. ज्या उन्हाने अम्मीला मारलं, त्याच उन्हात हे लोक तिला नेऊन ठेवणार. मी कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. अब्बा परतले ते मातीने भरलेल्या कपड्यांनी तसेच माझ्याशेजारी बसले. मी त्यांना विचारलं, अम्मीला कुठे ठेवलं. ते म्हणाले, “छाँव में रखा है बेटा, नीम के नीचे. वहाँ धूप नहीं लगती.”

मग मी जेवले.

त्या एका वाक्यावर मी किती उन्हाळे काढले! लग्न होऊन सासरी आले, पोरं झाली, नोकरी लागली. मेमध्ये लाईट गेली, पंखा थांबला आणि जीव कासावीस झाला की मी आजही स्वतःला सांगते, अम्मी सावलीत आहे. तिची कबर मी कधी पाहिली नाही, पण तो निंब मला पाठ होता. त्याच्या फांद्या किती खाली आल्यात, बहर आला की खाली मातीवर काय पडत असेल, सगळं. प्रत्यक्ष पाहिलेल्या झाडांपैकी एकही मला इतकं नीट आठवत नाही.

आमच्या कबरी कच्च्या असतात. नाव नाही, दगड नाही. मातीचा उंचवटा चार पावसाळ्यांत बसतो आणि मग कोण कुठे आहे हे फक्त माणसाच्या ध्यानात राहतं. सांगणारा उरला नाही की त्या जागी दुसऱ्या कुणासाठी खोदतात, त्यात कुणाचा दोष नसतो. अम्मीचं आमच्या घरात वाटप झालं ते असं. तिचा चेहरा आणि आवाज माझ्या वाट्याला आला. भावाला तिचं काहीच आठवत नाही, त्याला फक्त कब्रस्तानात जायची मुभा मिळाली. आणि जागा अब्बांकडे राहिली.

यंदा शब-ए-बरातच्या, म्हणजे कबरींवर दिवे लावून दुआ मागायच्या रात्रीच्या, आधी कमिटीने कब्रस्तान साफ केलं. जेसीबी लावून घाणेरीची सगळी झुडपं काढून टाकली. चांगलंच काम केलं, साप फार झाले होते. पण ते ऐकून भावाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज पडलेला होता. लहानपणी तो दरवर्षी अब्बांसोबत जायचा. अब्बा फातिहा पढायचे तेव्हा हा पोरांबरोबर दिव्यांमधून पळत असायचा. त्याला एवढंच माहीत होतं की अम्मीजवळ घाणेरीचं एक मोठं झुडूप आहे. आता झुडूपच राहिलं नव्हतं.

मी म्हटलं, झुडूप कसलं, निंब आहे तिथे. तो म्हणाला, निंब तर पार दुसऱ्या कोपऱ्यात आहे. मी चिडले. तुला काय आठवतं, तू शेंबडा होतास, असं त्याला सुनावलं. मोठी बहीण असण्याचा तेवढा एक फायदा आहे. मग ठरलं की त्याने यायचं आणि अब्बांच्या डोक्यातून ती जागाही निसटायच्या आत त्यांना आत नेऊन ती पक्की करून घ्यायची. दुसऱ्या कुणाचा जनाजा तिथे यायच्या आधी मला ते हवं होतं. झोपेतही माझ्या डोक्यात तेच चालू असायचं.

शब-ए-बरातच्या दिवशी दुपारी आम्ही ऑटोने गेलो. भावाच्या एका हातात पाण्याची कॅन आणि गुलाबाच्या पाकळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात अब्बांचा दंड. मी फाटकाच्या गजांना धरून बाहेर उभी राहिले. आतली काळी माती उघडी पडली होती, सगळीकडे सारखीच. डाव्या कोपऱ्यात निंब होता. मनातल्यापेक्षा जरा बुटका होता, पण सावली चांगली होती. मला फार बरं वाटलं.

अब्बा आत शिरले आणि उजवीकडे वळले. रस्त्याच्या भिंतीकडे, जिथे झाड म्हणून नव्हतं, तिकडे ते सावकाश चालू लागले. मी फाटकातून ओरडले, “उधर नहीं, नीम के नीचे!” भावाने वळून पाहिलं. त्याने अब्बांना थांबवलं, काहीतरी समजावलं आणि दंडाला धरून निंबाकडे आणलं. अब्बांनी दोनदा मागे वळून पाहिलं. भावाने सावलीत पाणी शिंपडलं, पाकळ्या टाकल्या, हात उचलून दुआ मागितली. मीही बाहेरून हात उचलले. एवढ्या वर्षांनी आम्ही दोघं तिच्याजवळ एकत्र उभे होतो. अब्बांनी मात्र हात उचलले नाहीत. ते नुसते उभे होते, दुसऱ्याच्या घरी चुकून आलेल्या पाहुण्यासारखे.

बाहेर आल्यावर भाऊ चिडलेला होता. अब्बांना आता काहीच राहिलं नाही म्हणाला, दुआसुद्धा विसरले. तो ऑटो शोधायला चौकात गेला. मी अब्बांना फाटकाच्या पायरीवर बसवलं, रुमालाने त्यांचं तोंड पुसलं आणि शेजारी टेकले. ते बराच वेळ रस्त्याच्या भिंतीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून वऱ्हाडीत म्हणाले, “त्या निंबाखाली आमचं कोनी नाही, बाई.”

मी विचारलं, मग कुठे आहे.

“तिकडं. भिंतीपाशी, उन्हात. तवा झाड नव्हतं, काही नव्हतं.”

मी पुन्हा विचारलं, मग निंबाखाली ठेवलं असं कोणी सांगितलं.

“म्याच सांगतलं,” अब्बा म्हणाले. “पोरगी लय रडे. अम्मीले ऊन लागन म्हने. अन्न खाये ना पानी पिये ना. काय करता मंग? सावलीत ठेवलं म्हून सांगतलं.” ते थोडे हसले. “तवा जेवली.”

मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपण सकाळी काय खाल्लं हे ठाऊक नव्हतं. पण ती अंगणात बसलेली पोरगी त्यांच्याजवळ जशीच्या तशी होती, तिचं रडणं होतं, तिचं जेवणं होतं. दिवाळीपासून मी ज्या गोष्टीसाठी रडत होते ती गोष्ट खोटी होती. ते मला विसरले नव्हते. फक्त ती मी आहे, एवढंच त्यांना जुळवता येत नव्हतं. आणि त्यांचा हात धरून, आरडाओरडा करून, त्यांना खऱ्या जागेपासून ओढून नेलं होतं ते त्यांनीच दिलेल्या त्या सावलीने.

अब्बांनी माझ्या हातावर हात ठेवला. गिऱ्हाइकाला ते कधी हात लावत नसत.

“आता मोठी झाली ते. शाळेत शिकवते,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणला. “तिले सांगू नोका, बाई.”

“नाही सांगत, चाचा,” मी म्हणाले.

त्यांचं समाधान झालं. ते पुन्हा भिंतीकडे बघू लागले. तेवढ्यात भाऊ ऑटो घेऊन आला. मी त्याला म्हटलं, ऑटोला थांबव, उरलेल्या पाकळ्या घे आणि पुन्हा आत जा. रस्त्याच्या भिंतीपाशी, उन्हात. अब्बांना घेऊन जा आणि ते उभे राहतील तिथे ओंजळभर दगड रचून ये. आत्ताच तर मी निंब निंब करून त्याचं डोकं उठवलं होतं. त्याने विचारलं, “तेरे को किसने बताया?”

मी शब्द देऊन बसले होते.

“किसी ने नहीं,” मी म्हणाले.