बरी झाली, असं आम्ही म्हणालो

बाईसाहेबांनी अक्काला बैठकीत बोलावलं आणि पाहुण्यांपुढे उभं केलं. "हात दाखव गं." स्वतः तिच्या हाताला हात लावला नाही. अक्कानं दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडं फाटलं होतं. लाल चिरा.

"धनगराची पोर आहे, पण एकेक भांडं सात वेळा विसळते. आमच्या सासूबाईंपेक्षा सोवळी!"

"मग पूजेलाच बसवा की हिला," एक पाहुणी म्हणाली. सगळे हसले.

मी दाराआड उभी होते. नववीत होते. शाळा सुटली की अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, घ्यायला जायची. मीही हसले. हे आधीच लिहिते, कारण पुढे गेल्यावर ते लपवावंसं वाटेल.

ते घर भालकीतलं. साहेब मोठे अधिकारी. अक्का तिथं बारा वर्षं भांडी घासायला होती. मागच्या दारानं जायचं. मागच्याच पायरीवर चहा. कप वेगळा. अक्कानं सात वेळा विसळलेल्या भांड्यांवर सासूबाई पुन्हा पाणी शिंपडायच्या, मगच ती आत घ्यायच्या.

सातच का, ते अक्कानं मला एकदाच सांगितलं. हौदाशी बसली होती; आमचे वडील, अप्पा, तेव्हा रानात मेंढरं राखत होते.

"सहावर उठले की अप्पा दिसतेत. मरून पडलेले. मग पुन्यांदा पयल्यापासून."

"खरं न्हाई ते, माहीत हाय ना तुला?"

"माहीत हाय की. म्हणूनच लाज वाटतीय."

आमच्या घरात मात्र त्याचा अभिमान होता. मेंढरांचा वास येतो म्हणून बसमध्ये लोक आमच्याजवळून उठायचे. अशा घरात ही पोरगी निघाली. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोर सायबाच्या घरच्यापरीस नीट हाय." अक्का मेंढराला शिवेना. घोंगडीवर बसेना. शेवटी अप्पांच्या हातचं पाणीही घेईना. गावानं तिला 'सायबीण' नाव पाडलं. अप्पा त्यावरही हसायचे. दवाखान्याचं कुणाच्या मनात आलं नाही. स्वच्छ आहे म्हणून कुणी डॉक्टरकडे नेतं का?

तिच्या कष्टावर मी शिकले. कडगंचीला विद्यापीठात एम.ए. करत होते, तेव्हा आईचा फोन आला. गेल्या पावसाळ्यात.

"अक्का बरी झाली गं. धुनं सुटलं तिचं."

अक्का कामाला जाईना. हात धुईना. आंघोळही दोन-दोन दिवस नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राही. भाकरी पुढे ठेवली तर एक तुकडा मोडे आणि तसाच ताटात ठेवी. आईला वाटलं, सुटली एकदाची. मलाही तसंच वाटलं. मी पुस्तकं वाचणारी. घरातली एकटी शिकलेली. मी फोनवर म्हणाले, "चांगलं झालं की. पडू दे थोडं. दमलीय."

भीती गेली नव्हती. भीतीशी झगडायचं बळ संपलं होतं. रोज सात वेळा विसळून बापाला जिवंत ठेवणारी माझी बहीण, आता आपल्याच्यानं काहीच होणार नाही असं धरून पडली होती. आजार थकवून थकवून माणसाला असा आडवा करतो, हे मला ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी कलबुर्गीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

मध्यंतरी बाईसाहेब गाडी घेऊन दारात आल्या होत्या. खाली उतरल्या नाहीत. काचेतूनच म्हणाल्या, "काय सोंग करायलीस गं? चार दिवस भांडी पडलीत." अक्का उठली, उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच बसली. हात आईनं जोडले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी अक्कानं जीव दिला. कसा, ते मी लिहिणार नाही.

पाचव्या दिवशी बाईसाहेब भेटायला आल्या. शेजाऱ्यांची खुर्ची आणवली. आम्ही खाली.

"फार स्वच्छ होती हो. तशी बाई आता मिळायची नाही." मग आवाज उतरवून अप्पांना म्हणाल्या, "लोक विचारतील. पोटाचं दुखणं होतं म्हणा. डोक्याचं-बिक्याचं काढू नका. उगीच आमच्या घराचंही नाव येतं."

"व्हय, बाईसाहेब," अप्पा म्हणाले.

मी उभी राहिले.

"आजार होता तिला. बारा वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर होता. त्यातून तुमची भांडी लख्ख निघत होती, तवर ती गुणाची. उठायचं बळ सरलं, तवा सोंग."

"शिकून तोंड वर झालंय हिचं."

"बस गं खाली," अप्पा म्हणाले.

मी बसले नाही. गाडी गेली, बायका पांगल्या, तरी उभीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन ओट्यावर बसले होते. एकच ओळ खोडून पुन्हा लिहीत होते. लहानपणापासून करते. ओळ नीट उतरली नाही तर आईला काहीतरी होईल, असं वाटतं. शाळेत गुरुजी माझी वही वर्गाला दाखवायचे. अप्पा मेंढरं सोडायला निघाले होते. थांबले. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले.

"तुला बी हाय का गं?"

"व्हय."

"भाईर बोलू नको. तुझं लगीन व्हायचंय."

"बोलणार अप्पा. कलबुर्गीच्या डॉक्टरकडं नाव लावलंय. कॉलेजात सांगणार. बघायला येतील त्यास्नी बी सांगणार. पर आधी तुमी ऐका. एखांद्या दिवशी मी हे खोडणं सोडून गप पडून ऱ्हाईन. तवा बरी झाली म्हणू नका. गाडी सांगा आन् मला दवाखान्यात न्या. मी नको म्हणलं तरी न्या."