चाव्यांची पाटी

रायपूरच्या तात्यापारा वस्तीतून ऑफिसांमध्ये जेवणाचे डबे पोचवणाऱ्या एका ताईंचे उपकार आधी सांगतो, प्रकरण मागून. त्या नसत्या तर माझा पहिलाच तपास वाया गेला असता.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. मी भंडाऱ्याकडचा, नववीत शाळा सुटलेला, शिपायाचा हवालदार झालेला. हातून चूक झाली तर गावी कोणत्या तोंडानं जायचं, ही धास्ती कायम. ताई ठाण्यात आल्या त्या रिकाम्या डब्यांची पिशवी घेऊनच. बूढापाऱ्यात तळ्याकाठी लावलेली त्यांची मोपेड चोरीला गेली होती. हप्त्यावर घेतलेली, थोडेच हप्ते उरलेले.

"हँडल लॉक होतं?"

"हव ना भाऊ. चावी ही पाहा, माह्याजवळच आहे."

पंचनाम्यात कुलूप फोडल्याची खूण नाही, गाडी ओढत नेल्याचा ओरखडा नाही. अशा तक्रारी आधीही आल्या होत्या.

"आणि दुसरी चावी?"

"ते दुकानात. शेवटची किस्त भरली का मंग देते. सगळ्याइचंच तसं आहे."

लिहिता लिहिता मी थांबलो.

दुकानात काउंटरमागे पाटीवर खिळ्यांना चाव्या टांगलेल्या होत्या. चौकशीत दरडावून फारसं निघत नाही. माणसाला साधं काम सांगावं. मालकाला म्हटलं, "सेठ, इनकी चाबी निकाल दो."

तो हसत उठला, पाटीपाशी गेला आणि उभाच राहिला. "कहीं गिर गई होगी, साहब."

"सबकी टंगी है, इन्हीं की गिरी?"

त्यानं नोकराकडे पाहिलं. नोकराला बाजूला घेतलं तेव्हा त्यानं गोदामाचा पत्ता सांगितला. संध्याकाळपर्यंत अभनपूरच्या गोदामात मोपेड सापडली, चावीसकट, नवा रंग दिलेली. हप्ते संपत आले की गाडी उचलायची आणि खेड्यात पुन्हा हप्त्यावर विकायची, असा धंदा.

खटला कोर्टात गेला, पण दुकान उघडंच. हप्त्याच्या धंद्याचा परवाना देणारे अधिकारी म्हणाले, "कोर्ट में बरसों लगेंगे. लाइसेंस मैं रोक सकता हूँ, पर कोई ग्राहक सामने आकर बोले तब." ज्यांच्या गाड्या आधी गेल्या होत्या त्या ग्राहकांना मालकानं नव्या गाड्या देऊन गप्प केलं होतं. ताईंनाही कोरी मोपेड देऊ केली. त्यांची स्वतःची मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या मालखान्यात अडकलेली. डबे पायी पोचवता पोचवता गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. त्यांनी ती घेतली असती तर मी दोष दिला नसता, पण त्या समोर येऊन बोलायला तयार झाल्या.

परवाना अधिकाऱ्यांपुढच्या सुनावणीत मालकाच्या वकिलानं विचारलं, "बहनजी, नई गाड़ी मिल रही है, फिर तकलीफ क्या है?"

"गाड़ी तो मिल जाएगी भैया. उसकी भी दूसरी चाबी यही रखेगा ना?"

परवाना त्याच दिवशी निलंबित झाला, पुढे रद्द. आदेशाखाली सही अधिकाऱ्याची असते. पण त्याआधी कोणीतरी आपली रोजी पणाला लावलेली असते, हे मी तिथं शिकलो.

कोर्टानं मोपेड सोडली तेव्हा ती सुरूच होईना. ताई ढकलत निघाल्या. मी हात लावायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. वर्दीवाला मागं दिसला तं लोकं म्हणतीन, बाईले पकडून नेऊन राहिले."

आता निवृत्त झालो, वर्दी उतरली आहे. ताई, एक दिवस तुमच्या कामी पडेन, हे इथं लिहून देतो.